अवांतर एक धाव

माझा मामा गुणलेखक. जवळपास चाळीस वर्षं त्याने मुंबईच्या मैदानांवर क्लब सामन्यांची वही लिहिली. कांगा लीगच्या पावसात तंबू गळायला लागला की स्वतः भिजायचा, वही कोरडी ठेवायचा. मी लॉस एंजेलिसमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत खांदा नाहीतर कोपर दुखावलेली, बेसबॉल फेकणारी शाळकरी मुलं बरीच असतात. मागच्या सप्टेंबरात मामा आमच्याकडे राहायला आला. इथे सप्टेंबर म्हणजे बेसबॉलच्या लांबलचक मोसमाची अखेर. एकेका सामन्याने विजेतेपद इकडचं तिकडे होतं, आणि भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याच विषयावर बोलत असतात. एका रविवारी जेवणं झाल्यावर मामाने मुंबईहून आणलेली कोरी वही उघडली, पट्टीने रकाने आखले आणि ९ सप्टेंबर १९६५ चा डॉजर्स विरुद्ध शिकागो कब्ज हा सामना छापील नोंदींवरून पहिल्यापासून लिहायला घेतला. मी ताटं उचलत होते. वाद तिथेच सुरू झाला.

मी : मामा, साठ वर्षांपूर्वीच्या सामन्याचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. तो पुन्हा कशाला लिहितोयस?

मामा : निकाल वाचून सामना कळत नाही गं, लिहिला की कळतो. ये, बस इथे. हे कब्जचं पान. पहिल्या डावात वरचे तीन आले, तीन बाद. दुसऱ्यात मधले तीन, तिसऱ्यात खालचे तीन. चौथ्यात पुन्हा वरून. नऊ डाव, सत्तावीस माणसं, सत्तावीस बाद. ना कुणाला हिट मिळाली, ना चार बॉल पडून फुकटचा बेस मिळाला, ना क्षेत्ररक्षकाच्या चुकीने कुणी वाचला. म्हणून याला परफेक्ट गेम म्हणतात. पानावर बघ कसा जिना उतरलाय. तीन वेळा वरून खाली, एकही पायरी निसटलेली नाही.

मी : आणि समोरचं पान?

मामा : तेच तर दाखवायचंय. कब्जना असं बाद करणारा डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डावखुरा कूफॅक्स. त्याचं नाव सगळे घेतात. समोरून चेंडू टाकणारा बॉब हेंडली, तोही डावखुरा. डॉजर्सचे पहिले बारा त्यानेही ओळीने बाद केले. चार डाव संपले तेव्हा दोन्ही पानं सारखीच दिसत होती.

मी : म्हणजे चार डावांत चोवीस जण आले आणि एकही पहिल्या बेसवर पोचला नाही. माझा आक्षेप नेमका हाच आहे. कुणी धावत नाही, कुणी घसरत नाही. खेळ बघायला मी जाते ती काहीतरी घडावं म्हणून. इथे सबंध रात्र दोघं चेंडू फेकतात, बाकीचे येतात आणि मान खाली घालून जातात. शेवटी निकाल किती, तर १-०.

मामा : ती एक धावही कशी झाली ते ऐक. पाचव्या डावात लू जॉन्सनला हेंडलीने चार बॉल टाकले, तो चालत पहिल्या बेसवर गेला. रॉन फेअर्लीने हलकेच चेंडू ठेवून स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्यावर सरकवलं. मग जॉन्सन तिसरा बेस चोरायला धावला. कॅचर ख्रिस क्रगने त्याला बाद करायला चेंडू फेकला, तो तिसऱ्या बेसवरच्या रॉन सँटोच्या डोक्यावरून मागे गेला आणि जॉन्सन घरी आला. बॅटला नीट लागलेला चेंडू एकही नाही. इथल्या हिशेबात फलंदाजाच्या नावावर त्याने आणलेल्या धावा लिहितात. ही धाव कुणाच्याच नावावर चढली नाही. हेंडलीच्या नावावरही ती त्याच्या चुकीची म्हणून धरली नाही. आपल्याकडे असं काही झालं की कुठे लिहितो आपण?

मी : अवांतरात.

मामा : बरोबर. यांच्या वहीत तो रकानाच नाही. म्हणून मी तो आखला. बघ, अवांतर : १. सामना त्याच्यावर सुटला.

मी : तू हे इतकं आनंदाने सांगतोयस, आणि मला वाटतंय, बिचारा क्रग. एका फेकीने सामना गेला. आणि प्रेक्षकांचं काय? भर आठवड्यात, गुरुवारी रात्री आलेल्या लोकांना दोन्ही संघांची मिळून हिट किती बघायला मिळाली?

मामा : एक. सातव्या डावात, त्याच जॉन्सनची. चेंडू पहिल्या बेसच्या मागे अलगद पडला, त्याने दुसरा बेस गाठला आणि तिथेच राहिला. त्या रात्री बेसवर पाऊल ठेवणारा माणूस तो एकटाच. कब्जचे सत्तावीस, डॉजर्सचे सव्वीस, एकूण त्रेपन्न फलंदाज आले आणि त्यांत फक्त जॉन्सन बेसवर पोचला, दोनदा. टॉमी डेव्हिसचा घोटा मे महिन्यात मोडला म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याआधी वर्षानुवर्षं तो छोट्या लीगमध्ये झिजला होता. आणि प्रेक्षकांचं म्हणशील, तर एकोणतीस हजारांवर लोक होते आणि सामना एक तास त्रेचाळीस मिनिटांत आटोपला. तुमच्या इथे २०२१ साली सामन्याची सरासरी तीन तास दहा मिनिटांवर गेली होती, तेव्हा पिचरसाठी घड्याळ लावावं लागलं. कंटाळा वेळेने येतो की धावा नसण्याने, ते तूच ठरव.

मी : कमी वेळ लागला म्हणजे रंगत आली असं नाही. लढत हवी ना मामा. एक जण फेकतो आणि दुसऱ्याला काही करताच येत नाही, यात लढत कुठे आहे?

मामा : थांब, तुला बापू नाडकर्णींची गोष्ट सांगतो. १९६४ चा जानेवारी, मद्रासची कसोटी. मी तेरा वर्षांचा, रेडिओला कान लावून बसलेला. बापूंनी ओळीने एकवीस निर्धाव षटकं टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. शेवटी आकडे झाले ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. निर्धाव षटक वहीत कसं लिहितात ठाऊक आहे ना? सहा ठिपके दोन ओळींत द्यायचे आणि रेघेने जोडून एम काढायचा. कुणाचं लक्षही जाणार नाही असं काम. पण तो एम काढताना लिहिणाऱ्याच्या हाताला कळतं, की सहा वेळा एका माणसाने चेंडू हव्या तिथेच ठेवलाय. धाव होते तेव्हा सगळ्यांना दिसते. धाव होऊ दिली नाही हे फक्त टाकणाऱ्याला, यष्टिरक्षकाला आणि लिहिणाऱ्याला दिसतं.

मी : आता तू मला आयतंच हत्यार दिलंस. बापूंना त्या डावात बळी किती?

मामा : शून्य.

मी : सामन्याचं काय झालं?

मामा : अनिर्णित.

मी : इंग्लंडचे बरेच खेळाडू पोटाच्या दुखण्याने बेजार होते, आणि जे उभे होते त्यांना फक्त टिकून राहायचं होतं. ज्याला धाव नकोच आहे त्याला धाव दिली नाही, यात कौतुक कशाचं?

मामा : ही गोष्ट मी मान्य करतो. बापूंच्या अचूकतेबद्दल माझ्या मनात किंतू नाही, पण समोरच्याची भूक नव्हती हे खरं. म्हणूनच १९६५ ची ही रात्र मला वेगळी वाटते. बेसबॉलमध्ये फलंदाजाला नुसतं टिकून राहता येत नाही. तीन स्ट्राइक झाल्या की घरी. त्याला मारावंच लागतं. आणि मारणारे कोण होते बघ. बिली विल्यम्स, रॉन सँटो, अर्नी बँक्स, ओळीने तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रमांकावर. तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. बँक्सने कारकिर्दीत ५१२ होम रन मारले. त्या रात्री कूफॅक्सने त्याला तिन्ही वेळा स्ट्राइकआउट केलं.

मी : हे मात्र मला माहीत नव्हतं.

मामा : आणि जोराचं म्हणशील, तर माउंडपासून, म्हणजे पिचरच्या मातीच्या ढिगापासून, होम प्लेटपर्यंतचं अंतर साडेअठरा मीटरसुद्धा नाही. चेंडू पोचायला सेकंदाचा चार दशांश भाग लागतो. तेवढ्यात ओळखायचं की हा सरळ येतोय की कर्व्ह, मारायचा की सोडायचा, आणि बॅटही फिरवायची. कूफॅक्सकडे दोनच मुख्य अस्त्रं होती. सरळ जोरकस चेंडू, त्याला मागच्या बाजूने फिरकी असायची म्हणून तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा कमी खाली यायचा, वर उठल्यासारखा वाटायचा. आणि कर्व्ह, त्याला पुढच्या बाजूने फिरकी, तो अंदाजापेक्षा जास्त कोसळायचा. फलंदाजाने एकासाठी बॅट तयार ठेवली की दुसरा हातभर खालून जायचा.

मी : ही फेक त्याला जन्मजात होती असं सगळे म्हणतात.

मामा : जन्मजात फक्त जोर होता. १९५५ साली ब्रुकलिनला संघात आला तेव्हा चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नसायचा. पहिल्या सहा वर्षांत ३६ जिंकला, ४० हरला. १९६१ च्या वसंतातल्या एका सराव सामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला समजावलं, सगळा जोर लावू नकोस, थोडा हात सैल सोड. आणि काय गंमत, हात सैल सोडल्यावर चेंडू हव्या तिथे पडायला लागला आणि वेगही फारसा घटला नाही. ही गोष्ट मी आमच्या क्लबच्या किती पोरांना सांगितली असेल.

मी : मीसुद्धा माझ्या पोरांना हेच सांगते, वेगळ्या कारणाने. पण मामा, तू एक बाजू झाकून ठेवतोयस. त्या काळी नियमच पिचरच्या बाजूने होते. १९६३ साली स्ट्राइकची हद्द वाढवली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. माउंड पंधरा इंच उंच. उंचावरून खाली फेकणाऱ्याला फायदा मिळणारच. १९६८ साली तर कहर झाला. बॉब गिब्सनने सबंध मोसमात नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीत पहिला आलेल्या कार्ल यास्ट्रेम्स्कीची सरासरी होती जेमतेम .३०१. शेवटी १९६९ पासून माउंड दहा इंचांवर आणला आणि स्ट्राइकची हद्दही आखडली. खेळ चालवणाऱ्यांनाच वाटलं की हे फार झालं. मग त्या काळातला परफेक्ट गेम म्हणजे माणसाचं कर्तृत्व किती आणि मातीच्या ढिगाचं किती?

मामा : मातीच्या ढिगाचं श्रेय मी देतो. खेळपट्टी ओली असली की आमच्या कांगा लीगमध्ये कुणालाही बळी मिळायचे, मी ते वहीत लिहिले आहेत आणि त्यांची किंमत मला ठाऊक आहे. पण तो ढीग सगळ्यांसाठी तेवढाच उंच होता. वीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, मोसमामागून मोसम. साठच्या दशकात परफेक्ट गेम झाले किती? तीन. १९६४ मध्ये जिम बनिंगचा, १९६५ चा हा, १९६८ मध्ये कॅटफिश हंटरचा. आणि पहिल्यापासून मोजलेस तर २०२३ पर्यंत सगळे मिळून चोवीस. नियमांनी दार थोडं उघडलं असेल, आत जाणारे मोजकेच निघाले.

मी : ठीक आहे, हा मुद्दा तुझा.

मामा : आणि अखेर बघ. आठव्या डावात सँटो, बँक्स, ब्राउन. नवव्यात क्रग, आमाल्फिटानो, हार्वी क्यून. सहाच्या सहा स्ट्राइकआउट. साधारणपणे शेवटाकडे हात थकतो. याचा वाढत गेला. क्यूनचा तर योग बघ. १९६३ मध्ये कूफॅक्सने जायंट्सविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे एकही हिट दिली नाही, तेव्हाही शेवटचा बाद झालेला हाच. स्टेडियमात लोक ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे. डोळ्यांपुढे सामना आणि कानात व्हिन स्कलीचं समालोचन. शेवटच्या डावात स्कली मधूनच घड्याळातली वेळ सांगत राहिला. नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटांनी क्यूनची बॅट हवेत फिरली आणि संपलं. एकूण चौदा स्ट्राइकआउट. मी ते ध्वनिमुद्रण ऐकलंय. बाद झाल्यावर स्कली गप्प बसतो, आणि बराच वेळ फक्त लोक ऐकू येतात.

मामाने शेवटच्या चौकोनात इंग्रजी के काढला. स्ट्राइकआउटची खूण ती. बॅट न फिरवता उभ्या उभ्या बाद झालेल्याचा के उलटा काढतात. ही खूण रूढ करणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. क्रिकेटची वही लिहिणाऱ्याच्या हातून बेसबॉलची वही आली, हे मामाने मला आल्या दिवसापासून चारदा सांगितलं होतं. पाचव्यांदा सांगायच्या आत मी बोलले.

मी : आता माझं ऐक. तुझ्या वहीत चौदा के आहेत. त्यातला प्रत्येक के एका कोपरातून गेलाय आणि ते कोपर वहीत कुठेच नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या बेसवर परत झेपावताना कूफॅक्स डाव्या हातावर पडला. त्याच महिन्यात डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी निदान केलं, कोपराच्या सांध्याला संधिवात. तो मोसम तिथेच संपला. १९६५ च्या वसंतात सरावाचा एक सामना पूर्ण टाकला आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा पडला. त्यानंतर काय केलं माहीत आहे? सामन्याआधी भाजणारं मलम चोळायचं, गोळ्या घ्यायच्या, कोपरात कॉर्टिझोनची इंजेक्शनं, आणि सामना संपला की बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसायचं. असं करत त्या मोसमात त्याने ३३५ डाव टाकले. आज एखाद्याने २०० टाकले तरी बातमी होते.

मामा : त्या रात्री मात्र चेंडू ११३च होते.

मी : ११३ चेंडूंनी हात जात नाही मामा. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेवढेच चेंडू, वर्षभर, सुजलेल्या सांध्यावर, त्याने जातो. माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा येतो. मी म्हटलं, हात सरळ कर. कोपर सरळ होईना. त्याच्या आईचा पहिला प्रश्न, शनिवारी फेकू शकेल ना? या असल्या रात्रींच्या गोष्टी ऐकूनच पोरांना वाटतं की दुखणं गिळलं तर मोठं होता येतं. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा त्या आईच्या प्रश्नात आपलाही वाटा असतो.

मामा : पण कूफॅक्स चौदा वर्षांचा नव्हता. एकोणतीस वर्षांचा जाणता माणूस. त्याला काय होतंय ते ठाऊक होतं. त्याने ते निवडलं.

मी : निवडलं? त्या काळचा करार वाच. खेळाडू एकदा संघाशी बांधला गेला की संघ सोडेल तेव्हाच सुटायचा. दुसरीकडे जाऊन जास्त मागायची सोय नाही. १९६६ च्या वसंतात कूफॅक्स आणि डॉन ड्राइसडेल दोघांनी मिळून खेळायला नकार दिला, तेव्हा कुठे एकाला सव्वा लाख आणि दुसऱ्याला एक लाख दहा हजार डॉलर मिळाले. या दोघांवर डॉजर्स उभे होते, आणि त्यांना आपल्या हाताची किंमत ठरवायला असं अडून बसावं लागलं. ज्याला नाही म्हणायला जागाच नाही, त्याच्या हो म्हणण्याला तू निवड म्हणतोस?

मामा काही बोलला नाही. पेन्सिलीला टोक काढत बसला. मग हळूच म्हणाला,

मामा : १८ नोव्हेंबर १९६६.

मी : हो. अवघा तीस वर्षांचा होता. त्या मोसमात २७ सामने जिंकलेला, सरासरी १.७३, आणि निवृत्त. खेळ संपल्यावरही पुष्कळ वर्षं जगायची आहेत आणि ती धड शरीराने जगायची आहेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. माझ्या दृष्टीने तो त्याचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी त्याने खरंच काही निवडलं.

मामा : आठ वर्षांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली.

मी : १९७४, सप्टेंबरातच. डॉक्टर फ्रँक जोब, कर्लन यांचेच भागीदार. कोपराचा तुटलेला बंध दुसरीकडचा स्नायुबंध लावून नव्याने बांधला. आज शेकडो पिचर त्यामुळे खेळतात. संधिवाताला ती कामाची नाही, पण तेव्हापासून कोपर ही काळजी घेण्याची वस्तू आहे हे लोकांना पटायला लागलं. म्हणून मला २०२२ चा एप्रिल आवडतो. क्लेटन कर्शॉ, तोही डॉजर्सचा, तोही डावखुरा. मिनियापोलिसच्या थंडीत सात डाव, एकवीस फलंदाज, एकवीस बाद, तेरा स्ट्राइकआउट. चेंडू फक्त ८०. आणि व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सने त्याला बाहेर बोलावलं, कारण आदल्या वर्षी हात दुखावला होता आणि मोसमाआधीचा सराव अपुरा झाला होता. कर्शॉलाही ते पटलं. सहा बाद राहिले होते मामा, आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. कूफॅक्सचे मोसम बारा. कर्शॉचे अठरा, २०२५ पर्यंत.

मामा : पटतं गं, सगळं पटतं. पण मला खरं बोलू दे. कर्शॉ बाहेर आला ते योग्य झालं, तरी त्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाच्या पोटात जे तुटलं असेल तेही खरं होतं. ते तुटणं चूक आहे असं मला सांगू नकोस. माणूस सहा महिने सामने बघतो, तीन-तीन तास बघतो, ते अशी एखादी रात्र आपल्या वाट्याला येईल म्हणून. मी पावसात बसून हजारो षटकं लिहिली, त्यांतली लक्षात राहिलेली दहाही नसतील. त्या दहांसाठी बाकीची लिहिली.

मी : मी चूक म्हणत नाही. मला एवढंच हवंय की ती रात्र सांगताना कोपरही सांगावं. तू परफेक्ट म्हणतोस तेव्हा मला रात्रीनंतरचा तो बर्फाचा डबा दिसतो.

मामा : आणि तू बर्फाचा डबा म्हणतेस तेव्हा मला पुढचा महिना दिसतो. सप्टेंबरच्या मध्याला डॉजर्स मागे पडले होते, जायंट्स पुढे निघून गेले. मग डॉजर्सनी ओळीने तेरा सामने जिंकले. २ ऑक्टोबरला कूफॅक्सनेच ब्रेव्ह्जला हरवून लीग जिंकून दिली. जागतिक मालिकेचा पहिला सामना योम किपुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला, तेव्हा तो खेळला नाही. बघ, तिथे त्याने नाही म्हटलं होतं, आणि सगळ्या देशासमोर म्हटलं होतं. पण सातव्या सामन्यात, १४ ऑक्टोबरला, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा उभा राहिला. कर्व्ह पडेना. मग जवळजवळ नुसत्या सरळ चेंडूंवर मिनेसोटाला २-० ने हरवलं. त्यात पहिली धाव कुणाची?

मी : जॉन्सनची?

मामा : जॉन्सनची. होम रन. या वेळी बॅटने, आणि त्याच्या खात्यावर.

मी : तुला सगळं कूफॅक्सच्या बाजूने लावता येतं. मला मात्र आज तुझ्या वहीतला दुसरा माणूस जास्त जवळचा वाटला. हेंडली. आठ डाव, एक हिट, एक वॉक, त्याच्या दोषाची धाव शून्य. याहून आणखी काय करायचं माणसाने? आणि तो हरला. कुणाला त्याचं नाव माहीत नाही.

मामा : आता तू वही वाचायला लागलीस. मला तो सामना आवडतो तो याच माणसामुळे. समोर एखादा साधा पिचर असता तर डॉजर्सनी सहा धावा केल्या असत्या आणि कूफॅक्स निवांत फेकत बसला असता. हेंडलीने त्याला श्वास घेऊ दिला नाही. एक चेंडू चुकला असता तर बरोबरी होती. सातव्या डावात बिली विल्यम्ससमोर तीन बॉल झाले, स्ट्राइक एकही नाही. आणखी एक बॉल पडला असता तर परफेक्ट गेम गेला असता, आणि नुसता सरळ मधे टाकला असता तर बरोबरीही होऊ शकली असती. तू मघाशी विचारलंस ना लढत कुठे आहे? ती पिचर आणि फलंदाजात शोधत होतीस. ती त्या दोन डावखुऱ्यांत होती. दोघं एकमेकांना चेंडू टाकत नव्हते, तरी प्रत्येक चेंडू एकमेकांसाठीच होता.

मी : आणि पुढे? हेंडलीचं काय झालं?

मामा : पाच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, शिकागोत पुन्हा तेच दोघं समोरासमोर. हेंडलीने डॉजर्सना चार हिट दिल्या आणि कब्ज २-१ ने जिंकले.

मी : कूफॅक्सला हरवून?

मामा : कूफॅक्सला हरवून. कारकीर्द फार मोठी झाली नाही. १९६७ ला संपली. पुढे जॉर्जियात आपल्या गावी, मेकनला, शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवलं.

शाळेतल्या मुलांना, हे शब्द ऐकून मी थांबले. माझ्याकडचा तो मुलगा आठवला. त्याला मी कूफॅक्सची गोष्ट सांगायची टाळत आले होते. आता वाटलं, सांगावी. पण या दोन्ही पानांसकट, आणि नोव्हेंबरातल्या त्या दिवसापर्यंत. सुजलेल्या कोपराने जिंकलेला सामना त्याला कळेल, तसं तीस वर्षांच्या वयात हात खाली ठेवणंही कळेल. आणि आठ डाव निर्दोष टाकून हरलेला, पाच दिवसांनी पुन्हा उभा राहिलेला माणूस त्याला कदाचित सगळ्यांत आधी कळेल.

मामाने बेरीज केली. गुणलेखकाचं शेवटचं काम ते. फलंदाजांच्या धावा, अवांतर धावा आणि फलकावरची धावसंख्या जुळली पाहिजे. फलंदाज : ०. अवांतर : १. एकूण : १. जुळलं. मग त्याने वही माझ्याकडे वळवली. पानाच्या तळाशी त्याने सवयीने एक रिकामी ओळ आखलेली होती. पाऊस आला, चेंडू बदलला, कुणाला लागलं, असं जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते तिथे लिहितात. ओळीआधी त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, शेरा.

"तू लिही," तो म्हणाला आणि पेन्सिल पुढे केली.

कब्जच्या पानाखाली, म्हणजे कूफॅक्सने बाद केलेल्या सत्तावीस जणांच्या जिन्याखाली, मी लिहिलं : डावं कोपर, संधिवात, निदान ऑगस्ट १९६४; निवृत्ती १८ नोव्हेंबर १९६६. डॉजर्सच्या पानाखाली लिहिलं : हेंडली, १४ सप्टेंबर, विजयी २-१.

मामाने चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. काही खोडलं नाही. खाली दोन रेघा मारल्या, सामना पूर्ण झाल्याच्या, आणि गुणलेखकाच्या सहीच्या जागी आधी स्वतःची सही केली, मग शेजारी माझ्या सहीपुरती जागा सोडली.